परतीचा टाका

बँकेत मी ३१ वर्षे शिक्के मारले. ‘रोख मिळाली’, ‘रक्कम दिली’, ‘रद्द’, आणि मार्चअखेरीला जे समोर येईल त्यावर ‘तपासले’. शिक्का कसा धरावा, पॅडवर किती दाबावा, कागदावर कसा उतरवावा यात आपला हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती. निवृत्त झाल्यावर हा अनुभव वाया जाऊ नये असे वाटले. पुढे जे झाले ते या वाटण्यामुळे झाले.

त्याच्या आदल्या दिवाळीत मला मोबाइलवर एकच पणती सतरा जणांनी पाठवली होती. तीच पणती, तीच ज्योत, खाली तेच ‘आपणांस व आपल्या परिवारास’. दोघांच्या पणतीखाली तर शुभेच्छुक म्हणून त्यांच्या वॉर्डातल्या इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो होता. मला राग आला. रागाच्या भरात मी घरच्या ग्रुपवर जाहीर करून टाकले, की यंदा ६० जणांना मी स्वतःच्या हाताने केलेले शुभेच्छापत्र पोस्टाने पाठवणार. धडाधड अंगठे आले. कर्ज मंजूर करण्याआधी तारण बघायचे, हे मी ३१ वर्षे इतरांना सांगत आलो. इथे आधी मंजुरी दिली आणि मग तारण शोधायला कपाट उघडले.

ते सापडले बायकोच्या साडीवर. लग्नात तिच्या धारवाडच्या मावशींनी दिलेली काळी चंद्रकळा. पदरावर आणि अंगभर कसूती. कसूती म्हणजे धारवाडकडचा कशिदा; कै म्हणजे हात आणि सूती म्हणजे सूत, अशी मावशींची फोड. हत्ती, मोर, पालखी, रथ, तुळशीवृंदावन, देवळाचे गोपूर, सगळे सुईने केलेले, आणि तेही कापडावर आधी काहीही न रेखता. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. त्यामुळे या हत्तीला गोलाई नाही. रेघ आडवी, नाहीतर उभी, नाहीतर तिरपी. पोटसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी सुटते. ते पाहून माझ्या मनात जो विचार आला तो मला अजूनही तर्काला धरून वाटतो : ज्याला वर्तुळ काढता येत नाही त्याच्यासाठीच ही कला जन्माला आली आहे.

सुई हातात घ्यायचा प्रश्नच नव्हता. माझे शिवणकाम म्हणजे दिवसाच्या शेवटी व्हाउचरची गड्डी दाभणाने शिवणे. दाभण गड्डीच्या पलीकडे निघाले की काम झाले. ते कुठून निघाले याचे ऑडिट होत नसे. तेव्हा टाके घालायचे नाहीत, टाक्यांचे ठसे करायचे, असे ठरले. एकदा हत्तीचा ठसा झाला की ठोकत सुटायचे. एका कार्डाला एक मिनिट, ६० कार्डांना एक तास, मधला चहा धरून सव्वा. हा हिशेब मी कागदावर मांडून खाली सही केली होती. तो कागद बायकोने जपून ठेवला आहे.

सुरुवात बटाट्याने झाली, कारण शाळेत तशीच झाली होती. शाळेत बटाट्याचे पान किंवा चांदणी व्हायची. मला हवा होता अंबारीसह हत्ती, आणि तोही तुटक टाक्यांचा. भाजी चिरायच्या सुरीने बटाट्यावर तांदळाएवढे टाके सोडवायचे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला सांगून कळणार नाही. दोन बटाट्यांत हत्तीची सोंड गेली, तिसऱ्यात अंबारी. चौथा साधला, पण रात्र झाली म्हणून तो झाकून ठेवला. सकाळी पाहतो तो हत्ती आजोबा झालेला. बटाट्यातले पाणी रात्रीत सुकते आणि सगळे टाके आत ओढले जातात. रंग न लागलेले बटाटे अर्थातच भाजीत गेले. तीन दिवस आमच्याकडे डब्याला बटाट्याची भाजी होती. मुलाने डबा उघडून ऑफिसातून फोन केला, “आई, भाजीत पाय आहेत.”

मधल्या काळात भेंडी चिरून पाहिली. भेंडीचा ठसा मात्र निर्दोष येतो; आडवी कापली की पाकळ्यांचे फूल तयार, कोरणे नाही काही नाही. दोष एवढाच, की भेंडीला दुसरे काही येत नाही. तिचा हत्ती होत नाही.

मग खोडरबर. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मी दोन डझन मोठी खोडरबरे मागितली. दुकानदाराने विचारले, “शाळेत वाटायची आहेत का?” मी म्हणालो, “नाही, हत्ती करायचाय.” त्याने न बोलता पुडके बांधले. पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाशी न बोलणे यात नवीन काही नाही; पण हे न बोलणे निराळे होते, त्यात काळजी होती.

खोडरबर कोरायला उत्तम. कटरची नवी पाती घेतली तर लोण्यासारखे कापले जाते. बोटही तसेच कापले जाते. चार बोटांना पट्ट्या लावून मी पहिला ठसा पुरा केला, उमटवला, आणि कार्डावर एक भरीव काळा चौकोन आला. त्यात बारीक पांढऱ्या रेघांचा हत्ती. म्हणजे मी टाके कोरून काढले होते आणि बाकीचे रबर ठेवले होते! ठशात जे ठेवावे ते उमटते आणि जे काढावे ते कोरे राहते. ही गोष्ट मला माहीत नव्हती असे म्हणता येणार नाही. मला ती ३१ वर्षे माहीत होती. फक्त बँकेत कोरण्याचे काम माझ्याकडे नव्हते.

दुसऱ्या ठशात टाके ठेवले, भोवतालचे काढले. हा चार दिवसांचा उद्योग झाला. टाका, फट, टाका, फट. साडीवरचा हत्ती समोर पसरून मी त्याच्यात थोडी सुधारणाही केली. साडीवर रेघ सलग दिसत होती, पण सलग रेघ उमटली तर ती पेनाने काढल्यासारखी वाटेल. भरतकाम वाटायला टाके सुटे दिसले पाहिजेत, असे मी ठरवले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मला ते पुढे ऐकून घ्यावे लागले.

हत्तीनंतर अक्षरे. ‘शुभ दीपावली’ हे सहा अक्षरांचे काम मी तीन खोडरबरांत बसवले, आणि त्या रात्री जेवण झाल्यावर उत्साहाने बसून एका बैठकीत २२ कार्डे उमटवली. सकाळी चष्मा लावून पाहिले तर सगळी अक्षरे उलटी. बँकेत रोज सकाळी तारखेच्या शिक्क्याची चाके फिरवून उलटे आकडे सुलटे वाचणारा माणूस मी! तो मी आणि हा मी यांची रात्रीत भेट झालेली दिसली नाही. गंमत अशी, की देवनागरी आरशात पाहिली तरी शिरोरेषा वरच राहते. त्यामुळे लांबून ते मराठीच वाटते. जवळ गेल्यावर माणूस गप्प होतो.

आमच्या इमारतीत एक गृहस्थ मोडी शिकलेले आहेत आणि पेशवे दफ्तरात जाऊन बसतात. मी त्यांना काही न सांगता कार्ड दाखवले. त्यांनी ते उजेडाकडे धरले, लांब धरले, मग म्हणाले, “उत्तर पेशवाईतलं वळण आहे. लेखकू घाईत असावा.” दुसरे अक्षर ‘म’ की ‘भ’ यावर आमची दहा मिनिटे चर्चा झाली. मी खरे सांगितले नाही. विद्वत्तेचा मान राखावा.

ही २२ कार्डे आणखी एका कारणाने बाद झाली होती. ती हातकागदावर होती. शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने कागद करतात. कार्ड हाताचे, ठसा हाताचा, मग कागदही हाताचा हवा, असा माझा बाणा. कागद फार देखणा, हाताला खादीसारखा लागणारा. मी घेतला तो पातळ, आणि त्यावर मी वापरला शाईचा पातळ रंग. कागदाने तो चातकासारखा प्यायला. मी चार दिवस खपून कोरलेल्या सगळ्या फटी त्या रंगाने दहा सेकंदांत बुजवल्या. सुटे टाके एकमेकांत मिसळून सलग रेघ झाली, आणि रंग मागच्या बाजूलाही फुटला. शल्यचिकित्सेत विरघळणारे टाके असतात असे ऐकून होतो. माझ्या डोळ्यांदेखत विरघळले. ही सगळी कार्डे मी बायकोच्या हवाली केली. हातकागद तेलही चांगले टिपतो, असे तिचे मत पडले.

मग सुतळीचा प्रयोग झाला. पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने दोरा चिकटवायचा आणि त्याचाच ठसा घ्यायचा. दोऱ्याचा पीळही उमटेल, अशी कल्पना. पहिल्यांदा पीळ उमटला. दुसऱ्या वेळी ओल्या रंगाने गोंद सुटला आणि दोराच कार्डावर बसला. भरतकामाच्या नकलेत खरा दोरा सापडेल असे हे एकमेव कार्ड. रंग संपला तेव्हा जुने स्टॅम्प पॅड काढले. त्या जांभळ्या शाईत हत्ती मंजूर होऊन आल्यासारखा दिसू लागला. खाली सही करण्याचा मोह मी आवरला.

अखेर गुळगुळीत जाड कार्डशीट आणली, घट्ट रंग आणला, अक्षरे नव्याने उलटी कोरली आणि उत्पादन सुरू केले. आता अडचण फक्त हाताची होती. बँकेतला हात ठोकणारा. विड्रॉल स्लिपवर शिक्का पडला की शेजारच्या काउंटरवरची टाचणी हलली पाहिजे, ही आमची घडण. खोडरबराला ते सोसत नाही. ते दबते, पसरते आणि हत्ती गाभण दिसतो. तरी सवय जाईना. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. म्हणाल्या, “यंदा भाजणी घरीच कांडताय वाटतं?” बायको म्हणाली, “नाही हो, ह्यांचा हत्ती आहे.” काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि “बरं आहे” म्हणून त्या गेल्या. त्या दिवशीपासून त्या जिन्यात मला आधी वाट देतात.

रात्री बोटांना मलम लावून मी वाचत बसे, आणि जे मिळेल ते पुरावा म्हणून बायकोपुढे मांडत असे. एकदा म्हणालो, “अगं, लखनौच्या चिकनकारीत तर ठशावरच सगळं चालतं. लाकडी ठसे असतात, निळीत बुडवून कापडावर नक्षी छापतात.”

“आणि मग?”

“मग त्यावर बायका भरतकाम करतात.”

“आणि निळीचं काय होतं?”

“ती शेवटी धुऊन टाकतात.”

“म्हणजे तिथे ठसा धुऊन टाकतात आणि टाके ठेवतात,” ती म्हणाली. “बघा, तुम्हालाही तसं जमतंय का.”

दुसरा पुरावा फ्रान्सचा होता. पहिल्या महायुद्धात तिथे सैनिक घरी पाठवायला रेशमी भरतकामाची पोस्टकार्डे विकत घेत. जाळीदार रेशमाच्या लांब पट्टीवर तीच ती नक्षी पुन्हा पुन्हा भरायची, मग तुकडे कापून कार्डावर चिकटवायचे. फुले, झेंडे, घरच्यांसाठी दोन शब्द. बायको ऐकून म्हणाली, “शेजारी तोफा चालू असताना त्या बायकांनी खरे टाके घातले. तुम्हाला इथे कोण गोळ्या घालत होतं?” पुरावे मांडण्याचे माझे कसब बँकेतही फारसे वाखाणले गेले नव्हते.

तिसरा पुरावा मी सांगितलाच नाही. पहिले छापील नाताळकार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना इतक्या लोकांना पत्रे लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि हजारभर कार्डे छापली. स्वतःच्या वापरातून उरली ती शिलिंगला एक या भावाने विकलीही. म्हणजे कार्ड ही वेळ वाचवण्याची युक्ती होती. कोल यांना वेळ नव्हता म्हणून त्यांनी कार्ड काढले. मला वेळ होता म्हणून मी. सव्वा तासाच्या माझ्या हिशेबाला तेव्हा पाचवा आठवडा चालू होता.

वसुबारसेला ३८ कार्डे तयार झाली. ओळीने टेबलावर मांडली. खरे सांगायचे तर मला ती आवडली होती. स्वच्छ सुटे टाके, लाल हत्ती, हिरवे वृंदावन. वृंदावन मला विशेष साधते, कारण ते आरशातही तसेच दिसते. हत्ती मात्र सगळे डावीकडे चालले होते. साडीवर ते जोडीजोडीने समोरासमोर आहेत. त्यासाठी दुसरा, उलट्या तोंडाचा ठसा लागतो, आणि माझ्याकडे बोटे उरली नव्हती.

त्याच दिवशी मावशी धारवाडहून आल्या. वय ८२. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर पुन्हा सुई हातात घेतलेली. चहा झाल्यावर मी एक कार्ड त्यांच्या हातात दिले आणि शेजारी उभा राहिलो. पहिल्याच खेपेला डिस्टिंक्शन मिळणार अशी खात्री असलेला विद्यार्थी उभा राहतो तसा.

मावशींनी कार्ड पाहिले, आणि लगेच उलटे केले. मागची बाजू कोरी.

“मागं काहीच नाही की,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, “मावशी, कार्ड आहे ते. मागे काही नसतं.”

“मग कसूती कशी ती?”

भरतकाम जाणणारी बाई आधी मागची बाजू बघते. हे मला त्या दिवशी वयाच्या साठीत समजले. पुढून सगळेच छान करतात. मागे गाठी किती, दोरे किती लोंबतात, उड्या किती मारल्या, यावर हात कळतो. कसूतीत तर गाठ मारायचीच नाही. आणि गवंती म्हणून जो टाका आहे तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मावशींनी बोटाने टेबलावर रेघ ओढून दाखवली. सुई जाताना एक टाका वर, एक फट. अशी शेवटपर्यंत जायची. मग त्याच वाटेने परत यायचे आणि राहिलेल्या फटी भरायच्या. त्या परत आल्या तेव्हा रेघ सलग झाली होती, पुढून आणि मागून.

मग कार्डावरच्या हत्तीच्या पाठीवरून त्यांनी नख फिरवले. टाका, फट, टाका, फट.

“जावईबापू, हे जाणं झालं. परत कुठं आलाय तुम्ही?”

बायको स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली, हे मला भिंतीतून ऐकू आले.

चार दिवस कटरने फटी कोरल्या होत्या मी. साडी समोर होती, रेघ सलग होती, आणि मला वाटले होते की मी तिच्यात सुधारणा करतो आहे. मावशींनी समजूत घालायला इतर टाके सांगितले. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी जाते, नेयगी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यासारखी बारीक फुली. “मेंथीचा ठसा करा पुढच्या खेपेला, सोपा पडेल,” म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात पुढची खेप होती. तेवढ्याने मला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मेतकूट-भात हवा होता. मेतकुटाचा डबा त्यांनीच फडताळातून काढला, आणि त्यावर रबराने लावलेला कागद सोडवून हातात घेतला. हातकागदाचे कार्ड. कोपऱ्यात बायकोच्या अक्षरात ‘मेतकूट’. बाकी सगळे माझे : पसरलेला हत्ती, उलटी अक्षरे. मी ते हिसकावून घेणार इतक्यात मावशींनी सवयीप्रमाणे कार्ड पालटले.

मागे हत्ती होता. फुटलेल्या रंगातून सबंध उतरलेला, सलग रेघेचा, फट कुठे नाही. पुढचा डावीकडे चाललेला, मागचा उजवीकडे. आणि त्याच्या खाली मावशींनी चष्मा सावरत, एक एक अक्षर लावत वाचले, “शुभ दी-पा-व-ली.”

उलटी अक्षरे मागून सुलटी झाली होती. आम्ही घरातली तीन माणसे आणि एक मोडीचे जाणकार, कोणीही ते कार्ड पालटून पाहिले नव्हते.

“हे बघा,” मावशी म्हणाल्या, “हे चांगलं केलाय की. पुढनं मागनं सारखं. ही गवंती. अशी अजून किती हायत?”

मी बायकोकडे पाहिले. बायकोने चकल्यांच्या परातीकडे पाहिले. २१ कार्डे चकल्यांखाली तेल टिपत होती. एक उचलून पाहिले तर हत्तीच्या अंगातून पलीकडचे स्वयंपाकघर दिसत होते.

फटींची ३८ कार्डे मी धनत्रयोदशीला पोस्टात नेली. काउंटरवरच्या बाईंनी तिकिटांवर शिक्के मारले. एका हाताने, न पाहता, न ठोकता, आणि प्रत्येक शिक्का गोल, स्वच्छ, तारीख वाचता येण्याजोगा. मी बाजूला उभा राहून अडतीसच्या अडतीस पाहिले. कार्डांबद्दल तीन जणांचे फोन आले. त्यातल्या एकाने विचारले, घरात कोणी लहान मूल आले आहे का.

मेतकुटाच्या डब्यावरचे कार्ड तिथेच आहे. आता मागची बाजू वर करून लावले आहे. उरलेल्या २२ जणांना मी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोबाइलवरून पणती पाठवली. ती आदल्या वर्षीची होती, आणि तिच्याखाली तो इच्छुक उमेदवार हात जोडून तसाच उभा होता, हे पाठवून झाल्यावर लक्षात आले.